साचीच्या नावाचा शिक्का

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी जपानातल्या कोफूवर दाट धुकं, दहानंतर कोरडं ऊन, डोंगराकडून बोचरा वारा.

असल्या उन्हात शहाणी माणसं पर्सिमनची फळं सोलून वाळत टाकतात. मोरिहिको होसाका रजा टाकून भिंगाचा चष्मा घ्यायला निघाला.

निमित्त झालं होतं बायकोचं, म्हणजे साचीचं. तिची आई उन्हाळ्यात गेली, आणि आईचं गावाकडचं घर साचीच्या नावावर करायला तिचा भाऊ एकदाचा कबूल झाला. त्या कागदावर सहीऐवजी नगरपालिकेत नोंदवलेला शिक्का लागतो, आणि साचीकडे तो नव्हता. आजवर या घरात जे काही शिक्कामोर्तब झालं ते नवऱ्याच्या शिक्क्यानं. जेवताना तिनं एवढंच सांगितलं, की सोमवारी दुपारी भाऊ येतोय, त्याचं मन फिरायच्या आत बाजारातून एक शिक्का करून आणते.

मोरिहिकोनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "बाजारातून? आपल्या घरात मी असताना?"

कारण मोरिहिको शिक्के कोरत असे. पोटापाण्याला बस कंपनीत वेळापत्रकं आखायची आणि उरलेल्या वेळात, पुस्तकं वाचून शिकलेल्या हातानं, शिक्के. (ज्या गावात गल्लोगल्ली शिक्के कोरणारे बसलेत तिथं हा छंद म्हणजे गुळाच्या ढेपेशेजारी साखरेची पुडी उघडून बसणं.) लोक त्याचे शिक्के भेट म्हणून घेत, तोंडभर वाहवा करत आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवत. कागदावर उमटलेला मात्र त्यातला एकही नव्हता. एखाद्या खऱ्याखुऱ्या कागदावर आपल्या हातचं अक्षर लाल उमटावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तो ती रोज वेगवेगळ्या शब्दांत साचीला सांगे.

"अहो, तुम्हाला ताटातल्या माशाचा काटा दिसत नाही," साची म्हणाली. त्यावरून चष्मा.

दुकानातल्या मुलीनं तीन चष्मे मांडले. कमी ताकदीचा, मधला आणि जबर. कोरकाम करणारे बहुतेक पहिलाच नेतात, असं तिनं समजावलं. भिंग जितकं मोठं दाखवतं तितकं थोडं दाखवतं, आणि नाक कामाच्या अगदी जवळ न्यावं लागतं. सोबत आलेल्या साचीनंही पहिल्यावरच बोट ठेवलं. मोरिहिकोनं तिसरा चढवला आणि स्वतःचा अंगठा पाहिला. नांगरलेलं शेत दिसलं. त्यातून एक गाडीरस्ताही गेला होता. एवढं वैभव पाहिल्यावर एका पोरीसमोर 'मला आपला कमी ताकदीचा द्या' असं कुठल्या पुरुषाच्या तोंडून निघेल? त्यानं तिसरा घेतला.

शनिवारी बैठक जमली. बोटाएवढा लाकडी दांडा, त्याच्या टोकावर नाव, म्हणजे भोवतालचं लाकूड कोरून काढायचं आणि उमटायच्या रेघा तेवढ्या उरू द्यायच्या. साचीचं नाव एकाच चिन्हाचं, अर्थ 'सुख'. शिक्का उलटा कोरावा लागतो आणि नवशिका तिथंच फसतो. पण हे चिन्ह डावीकडून पाहा की उजवीकडून, सारखंच.

"तुझं नाव इतकं सोपं आहे गं, डोळे मिटून कोरलं तरी चुकायचं नाही," तो म्हणाला.

"मग चष्मा कशाला आणलात?"

त्यानं हे ऐकलं नाही, कारण त्याला शिंक आली. नाक दांड्याला इतकं भिडलं होतं की कोरलेला सगळा भुसा थेट तिथंच जाई. अक्षर पूर्ण असं दिसतच नव्हतं. कधी नुसता एक कोपरा, कधी दोन रेघांची चौफुली. पण काय ती चौफुली! कडा अशा, की पाहत राहावं. साची चहा घेऊन दारात आली तेव्हा त्यानं मान वर केली. भिंगातून ती धुक्याचा एक गोळा दिसली.

"साची, तू मला दिसतच नाहीस," तो कौतुकानं म्हणाला.

"त्यात चष्म्याचा काय दोष," म्हणून तिनं चहा ठेवला आणि ती निघून गेली.

रविवारी काम संपत आलं तेव्हा वरच्या टोकाशी एक आडवी पट्टी त्याच्या नजरेला खुपली. भिंगात ती खडबडीत, उगाच राहून गेलेली दिसत होती. हा कचराच, असं ठरवून त्यानं ती हलक्या हातानं साफ उडवली. मग शिक्का डबीत ठेवला आणि साचीला हात लावू दिला नाही. पहिला ठसा सरकारी कागदावरच, असा हट्ट.

सोमवारी सकाळी दोघं नगरपालिकेत गेली. मोरिहिकोनं ठेवणीतला कोट घातला होता. शिक्का उमटवला तोही त्यानंच, दोन्ही हातांनी, देवाला फूल वाहावं तसा. खिडकीतल्या बाईंनी तो ठसा पाहिला, नोंद पाहिली, परत ठसा पाहिला आणि साचीला हळूच विचारलं, की हे आपलंच नाव ना.

"माझंच," साची म्हणाली.

"नोंदीत 'सुख' आहे. इथं 'क्लेश' उमटलंय."

मोरिहिकोनं खिशातून चष्मा काढला, सगळ्यांदेखत चढवला आणि कागदावर नाक टेकवलं. कडा निर्दोष होत्या. तसं त्यानं बाईंना सांगितलंही.

"होसाकासान, जरा लांबून बघता का?" बाई म्हणाल्या.

त्यानं चष्मा काढला, कागद हातभर दूर धरला. सुखाच्या डोक्यावरची आडवी रेघ गेली की क्लेश उरतात, हे त्या देशात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मागं रांगेतला एक म्हातारा खोकल्यासारखं करून हसला.

साचीनं शिक्का उचलून पर्समध्ये टाकला. आवाज न चढवता म्हणाली, "एवढ्या वर्षांत सुखाची म्हणावी अशी एक रेघ होती. तीही तुम्हाला कचराच वाटली."

मग ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. तिथल्या यंत्रानं, ती बाकावर टेकते न टेकते तोच, सुख कोरून दिलं. तो शिक्का दुपारच्या आत नोंदला गेला. भाऊ आला, त्याचं मन फिरलेलं नव्हतं. घर साचीचं झालं.

डिसेंबरात ती तिथं राहायला गेली. आईच्या घराला माणूस नको का, एवढंच म्हणाली. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही, आणि ते विचारायला हवं हे लांबून बघितल्याशिवाय दिसत नाही; मोरिहिकोला ती सवय नव्हती. नव्या वर्षाआधी तो गाडीनं तिकडं गेला. साचीनं नूडल्सवर घालायची मिरचीची चटणी करून बरण्या भरल्या होत्या, शेजारी गोड्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या. दोन्ही दिसायला लालच. प्रत्येक झाकणावर तिनं कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, आणि पर्समधून तो शिक्का काढून ती काही चिठ्ठ्यांवर मारत होती.

मोरिहिको दारातच थांबला. त्याच्या हातचं अक्षर कागदावर लाल उमटत होतं.

"त्याच चिन्हाचा दुसरा अर्थ तिखट," ती मान वर न करता म्हणाली. "वाया कशाला घालवायचा?"

तिखटाच्या अकरा बरण्यांवर ठसा स्पष्ट आला. बाराव्या बरणीवर थोडा पुसट आला, तो तिनं दुसऱ्यांदा मारला.