घोरण्याची साक्ष

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्याच साली धाकटीनं कचेरीत जाऊन लग्न उरकलं. नवरा परदेशी, देशात राहायच्या वर्षाच्या परवान्यावर आलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा. दोघं माहेरासमोरच्याच खोलीत राहू लागले.

मुलींचे वडील शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. "नुसत्या नजरेनं माप घेतो मी! कापडाचं काय नि माणसाचं काय!" असं ते छाती ठोकून सांगायचे. जावयाचं माप मात्र काही लागेना. हा पोरीसाठी आलाय की कायमच्या परवान्यासाठी? परवाना मिळाल्यावर पोरीला टाकून पसार झाला तर? या घोरात मास्तरांनी दोनदा सुई बोटात घुसवून घेतली!

एक दिवस जावयाची पँट आखूड करायला आली. खिशात कागद, अक्षर धाकटीचं. 'मी डाव्या कुशीवर झोपते. माझा ब्रश पिवळा. मी घोरते का? नाही म्हणायचं.'

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, पोरगी नवऱ्याला लग्न पाठ करायला लावतेय! लग्न खोटं आहे!"

"अहो, परवान्याच्या कचेरीत विचारतात असलं. त्याची तयारी असेल," बायको म्हणाली.

"खऱ्या नवऱ्याला ब्रशाचा रंग पाठ करावा लागतो?"

"माझ्या ब्रशाचा सांगा बघू!"

मास्तरांनी चपला घातल्या नि थेट परवाना कचेरी गाठली.

"बाई, आमच्या ओळखीत एक मुलगी आहे," ते साळसूदपणे म्हणाले. "समजा, तिचं लग्न खोटं निघालं, तर?"

"तुरुंगही होतो. नाव काय तिचं?"

"ते नाही सांगणार!"

"बरं," म्हणत अधिकारीणबाईंनी दारावरची वही मागवली. तिच्यात मास्तरांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि 'कामाचं कारण' या रकान्यात 'धाकट्या लेकीचं लग्न' असं सुवाच्य लिहून ठेवलं होतं!

चौथ्या दिवशी लेक, जावई नि मास्तर, तिघांनाही बोलावणं आलं. एकेकाला आत घेतलं. मास्तर शेवटी. आपल्या एका शब्दानं पोरगी तुरुंगात जायची!

"मुलगी घोरते का?"

"छे हो! मांजरासारखी झोपते!"

"जावई म्हणतात, भिंती हादरतात. कानात घालायचा कापूसही दाखवला त्यांनी."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. "बाई, त्याचं... त्याचं खरं धरा हो!"

"धरलंच आहे," बाईंनी शिक्का उचलला. "लग्न खरं आहे, मास्तर. साक्षीदार तेवढा खोटा निघाला."

बाहेर धाकटी आधी नवऱ्यावर कडाडली, "अख्ख्या कचेरीत सांगितलंस?" मग वडिलांकडे वळली. "आणि बाबा, माझी तक्रार केलीत?"

"तक्रार नाही गं, नुसती चौकशी..."

दोन महिने ती बाबांशी बोलली नाही.

कायमचा परवाना आला. तरीही रोज सकाळी जावई बॅग घेऊन निघाला, की खिडकीतल्या मास्तरांच्या छातीत धस्स व्हायचं. बॅगेत नट आवळायचे पाने असायचे. संध्याकाळी तो परत यायचा.

मास्तर वारले ते त्यानंतर सहाव्या वर्षी, जूनच्या नऊ तारखेला, दुपारी. धाकटी कामावर होती. उशाशी जावई होता.