अपेक्षा नसलेले नवरदेव

मनीषनगरात प्रेमलताबाईंचं वधू-वर मंडळ होतं. तिथली सगळी स्थळं कॉम्प्युटरवरच्या साध्या फायलींत टाइप केलेली होती. नाव, शिक्षण, अपेक्षा, प्रत्येक माहितीच्या आधी तशी खूण. त्या ढिगात बाईंचा भाचा विहंगही कैक वर्षं पडून होता आणि त्याचं काही केल्या जुळत नव्हतं.

शेवटी त्यानंच मनावर घेतलं. खुणा वाचून प्रत्येकाची वेगळी नोंद करणारा प्रोग्राम लिहिला आणि मंडळाच्या मेळाव्याआधी बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळी स्थळं डेटाबेसमध्ये जाऊन बसली आणि साइटवर झळकली.

"काय जादू करून राहिला गा!" प्रेमलताआत्यानं कॉम्प्युटरलाच हात जोडले.

मग फोन थांबेनात. मुलींचे बाप भारावून गेले होते. "ताई, तुमच्या एकाही पोराची काहीच अपेक्षा नाही! असे पोरं अजून आहेत काय दुनियेत?" आत्या चाट पडली. विहंगला मात्र काही कळेना. अपेक्षा गेल्या कुठे?

उत्तर कळमेश्वरहून आलं. भीमामामीचा फोन होता. "विहंग, तुझ्या मामाले उंच, गोरी अन् कमी बोलणारी बायको पाहिजे म्हणते साइटवर! मी काय मेली काय गा?"

मागून नत्थूमामा गयावया करत होते, "मले काहीच नाही पाहिजे वं!"

विहंगनं कपाळावर हात मारला. 'नाव' ही खूण दिसली की नवा माणूस सुरू, असं त्यानं प्रोग्रामला शिकवलं होतं. पण आपल्याकडे स्थळ म्हटलं की मामाचं 'नाव' आलंच. प्रोग्रामनं तिथेच मुलाची नोंद बंद केली, मामाला बोहल्यावर चढवलं आणि पुढच्या सगळ्या अपेक्षा त्याच्या पदरात टाकल्या. आता जिल्ह्यातल्या किती माम्या खवळल्या असतील, देव जाणे!

त्यानं घाईघाईनं प्रोग्राममधली चूक सुधारली. पुन्हा बटण दाबणार, तोच फोन वाजला. कामठीहून गोपिका बोलत होती. खुद्द मुलगीच.

"तुमचं स्थळ पाहिलं मी. अपेक्षा काहीच नाही लिहिल्या, खरं आहे काय? की टाकायच्या राहून गेल्या?"

उत्तराची गोपिकाला गरजच नव्हती. शेअर ऑटोतली भांडणं, ती शिकवते त्या शाळेतली पोरं, आईचा रागीट स्वभाव, सगळं ती एका दमात सांगत सुटली. पडद्यावर नत्थूमामांच्या नावाखाली विहंगचीच 'कमी बोलणारी' ही अपेक्षा अजून तशीच होती. आणि विहंगला वाटत होतं, हिनं थांबूच नये.

"हॅलो? ऐकून राहिले ना तुम्ही?"

"खरंच आहे," विहंग म्हणाला. "काहीच अपेक्षा नाही."

आपण खोटं बोललो नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्यानं आधी आपल्या फायलीतली अपेक्षांची ती ओळ पुसली आणि नंतरच बटण दाबलं.