पलंगाखालचा मुरांबा

स्तामेनाच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आटोपून मंडळी कबरस्तानातून घरी आली, तेव्हा तिच्या नवऱ्याचे, वुकाशिनचे, फक्त पाय दिसत होते. बाकीचा वुकाशिन पलंगाखाली अडकला होता.

"दहा किलो उतरवा, नाहीतर गुडघे गेलेच समजा," असं डॉक्टर त्याला चार वर्षं सांगत होते. म्हणून स्तामेना मुरांबा लपवायची आणि वुकाशिन तो शोधून खायचा. पिठाच्या डब्यामागे, शिवणयंत्राच्या खणात, तिच्या हिवाळी बुटात. तिने पकडलं की दोघं तासभर भांडायचे, आणि त्या भांडणाशिवाय त्याला करमायचं नाही. शेवटी इस्पितळात तिने त्याच्याकडून दहा किलोंचा शब्द घेतला. ती गेली आणि आठवड्याच्या आत त्याने साखर, मध, मुरांब्याच्या बरण्या, सगळं शेजारी वाटून टाकलं. "साखर म्हणजे विष," असं तो ज्याला त्याला सांगायचा. खरं तर त्याला गोड खावंसंच वाटत नव्हतं. चोरून खायचं तरी कुणापासून? नऊ किलो उतरले. लोक पाठ थोपटायचे आणि त्याला रडू यायचं.

आज तो मेव्हणीबरोबर, देसांकाबरोबर, मंडळींच्या जरा आधी घरी आला होता. आमच्या उझित्से गावात दारी आलेल्या माणसाला आधी चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा पेला द्यायचा असतो. देसांकाने फडताळ उघडलं.

"भाऊजी, बरण्या कुठायत?"

"वाटल्या."

"सगळ्या?"

"विष ते."

"विष काय, विष! माझ्या ताईच्या चाळिसाव्याला लोकांना नुसतं पाणी पाजू?"

"शेजारच्या मिलुंकाकडून एक परत आणू का?"

"दिलेली बरणी मागून आणणार, आणि तिच्याच पुढे ठेवणार? ताई कबरीतून उठून येईल!"

"येऊ दे की," वुकाशिन हळूच म्हणाला.

वुकाशिनने डोळे पुसले आणि चार वर्षांचा चोरीचा अनुभव पणाला लावला. घरातली एकच जागा त्याने कधी तपासली नव्हती. त्या बुटक्या पलंगाखाली त्याचं पोट जातच नसे. आज मात्र नऊ किलोंची सवलत होती. तो आडवा झाला आणि सरपटत आत गेला. भिंतीजवळ हाताला बरणी लागली. मागे सरकायला गेला, तर सरकता येईना.

तेवढ्यात मंडळी दारात आली.

"भाऊजी, श्वास सोडा!"

"सोडलाय!"

"मग पोट आत घ्या!"

"नऊ किलो घेतलंय, अजून किती घेऊ?"

पाद्रीबाबा वाकले. "वुकाशिन, बाबा रे, आत काय करतोयस?"

"दिलेल्या शब्दाला एक किलो कमी पडला, पाद्रीबाबा."

पाद्रीबाबांनी झगा खोचला, मिलुंकाचा नवरा दुसऱ्या बाजूला गेला, आणि दोघांनी पलंग उचलला. वुकाशिन धुळीने माखून बाहेर आला. आंबट चेरीच्या मुरांब्याची बरणी त्याने छातीशी धरली होती. झाकणावर दोऱ्याने एक छोटा चांदीचा चमचा बांधलेला होता.

स्तामेनाच्या माहेरच्या सहा चमच्यांपैकी तो सहावा होता. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी तिने त्याच चमच्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. "तूच हरवलास! खादाड माणसा, चमचेही खातोस!"

"ताईने मुद्दाम ठेवला," देसांका म्हणाली. "तुम्ही बारीक झाल्याशिवाय हात पोचू नये म्हणून."

वुकाशिनला हुंदका आवरेना. मिलुंका पाणी घेऊन आली. मग प्रत्येकाने चमचाभर मुरांबा घेतला, वर पाणी प्यायलं, आणि स्तामेनाच्या हाताला चव होती असं म्हटलं. बरणीच्या तळाशी शेवटचा एक चमचा उरला.

"घ्या, भाऊजी," देसांका म्हणाली. "हा तुमचाच."

वुकाशिनने वास घेतला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. मग त्याने झाकण घट्ट लावलं आणि चमचा पुन्हा दोऱ्याने बांधला.

"अजून एक किलो राहिलाय," तो म्हणाला. "पाद्रीबाबा, पलंग जरा पुन्हा उचलता का?"