ताशी एकशे अठरा

आमच्या मन्सूरा शहरात गाडी विकणं फार सोपं आहे. दोघांनी नोटरीकडे जायचं, घेणाऱ्याच्या नावानं मुखत्यारपत्र करून द्यायचं, चहा प्यायचा आणि किल्ली देऊन मोकळं व्हायचं. पुढे वाहतूक कचेरीत जाऊन गाडी रीतसर त्याच्या नावावर करायची असते म्हणे, पण तिथल्या रांगेत उभं राहायला वेळ कुणाला आहे? (मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. रांग किती सरकते ते मला खिडकीच्या आतून चांगलं ठाऊक आहे.) मीही माझी पांढरी गाडी तशीच विकली. नोंदणी माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर आणि गाडी वजदीच्या दारात.

वजदी म्हणजे माझ्या बायकोचा, इज्लालचा, मावसभाऊ. चौदा वर्षांपूर्वी त्यानंही तिला मागणी घातली होती. पण माझ्याकडे ही गाडी होती आणि त्याच्याकडे सायकल, म्हणून सासऱ्यांनी मला पसंत केलं. आता तीच गाडी मी त्याच माणसाला विकली, कारण दुसरं कुणी ती घ्यायला तयार नव्हतं.

माझी नवी गाडी पंधरा दिवसांत येणार होती. दोन महिने झाले तरी तिचा पत्ता नव्हता. मी मिनीबसला लोंबकळत ऑफिसात जायचो आणि वजदी शेजारून हॉर्न वाजवत जायचा. माझ्याकडे असताना दम्याच्या रोग्यासारखी खोकणारी ती गाडी आता चक्क गुणगुणत होती. माझी नुसती जळफळ व्हायची.

"वजदीच्या हाताला गुण आहे हं," इज्लाल एकदा वांगी तळता तळता म्हणाली. त्या दिवशी मी वांग्यांना हात लावला नाही. (ती शेजारी गेल्यावर लावला.)

शेवटी नव्या गाडीच्या नोंदणीची चौकशी करायला मी वाहतूक कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी एक कागद वाचला, मग चष्मा काढून मला न्याहाळलं.

"उस्ताद हिल्मी, या वयात?"

"काय केलं मी?"

"तुमच्या जुन्या गाडीवर सहा दंड आहेत. सगळे वेगाचे. हा बघा, ताशी एकशे अठरा! ही यादी बघितली तर विमेवाले तुम्हाला दारातही उभं करणार नाहीत."

"अहो, पण ती गाडी मी विकली!"

"कागदावर नाव तुमचंच आहे."

खोटं कशाला बोलू, दंडापेक्षा तो आकडा मला झोंबला. चौदा वर्षं मी तिला धुतली, पुसली, गोंजारली, पण ती कधी साठच्या पुढे गेली नाही. वजदीसाठी मात्र एकशे अठरा!

मग मी यादी नीट वाचली. सहाही दंड मंगळवारचे, अकरा ते बारामधले, दमियातच्या रस्त्यावरचे. आणि दर मंगळवारी इज्लाल इनशिराह मावशीकडे जाते. इनशिराह मावशी म्हणजे वजदीची आई.

"मंगळवारी मावशीकडे तुम्ही करता तरी काय?" मी घरी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मुलुखियाच्या भाजीची पानं खुडतो."

"दोन महिने?"

"जुड्या मोठ्या असतात," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी साहेबांना आत्या वारल्याचं सांगितलं (ती खरंच वारली आहे, फक्त अकरा वर्षांपूर्वी) आणि दमियातच्या रस्त्यावर उसाच्या रसाच्या दुकानाआड उभा राहिलो. तिसरा ग्लास मागवला. तेवढ्यात लांबून माझी पांढरी गाडी दिसली. मी हात पसरून रस्त्यात उडी घेतली. ब्रेक किंचाळले आणि गाडी माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

स्टिअरिंगवर इज्लाल होती, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी वजदी दोन्ही हातांनी समोरची फळी धरून, डोळे मिटून बसला होता. मागे मावशी जपमाळ ओढत होत्या.

"हिल्मी! असं कुणी रस्त्यात उभं राहतं का?"

"तू? गाडी तू चालवतेस?"

"दोन महिने शिकतेय. नवी गाडी आल्यावरही माहेरी रांगतच जायचं की काय?"

"म्हणजे ते एकशे अठरा..."

"त्या दिवशी घाई होती. तू जेवायला लवकर येणार होतास."

"मला सांगायचं नाही? मी शिकवलं असतं!"

"तू?" मागून मावशी म्हणाल्या. "अरे, या गाडीला चौथा गिअर आहे हे तरी तुला माहीत होतं का?"

मी विषय बदलून दंडांच्या यादीवर आणि नव्या गाडीच्या विम्यावर आलो. पण इज्लालनं तोही पुरता ठरवून ठेवला होता. "नव्या गाडीची नोंदणी आणि विमा माझ्या नावानं करू. तुझी यादी बघून तुला कोण उभं करणार?"

"अगं, ते दंड तुझेच आहेत!"

"नाव तुझं आहे ना?"

तरीही माझा जीव भांड्यात पडला होता. बायको माझीच होती. एवढ्यात वजदी खाली उतरला आणि मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला.

"हिल्मी, आज खरं सांगतो. चौदा वर्षं मी तुझ्यावर जळत होतो रे."

माझी छाती फुगली. मी टाय सारखा केला. "आणि आता?"

त्यानं गाडीकडे पाहिलं. इज्लाल पुन्हा इंजिन घुमवत होती.

"आता दर शुक्रवारी तुझ्या सासऱ्यांसाठी दुआ मागतो. त्यांनी मला नकार दिला."

माझ्यावर जळणारा आयुष्यात एकच माणूस होता, आणि मला त्याचा पत्ता लागला तो बरा झाल्यावर.