फिरोजीचा ऑक्सिजन

मृणालीचा फिरोजी मणी पुन्हा एकदा कौलाच्या रंगाचा झाला.

"ह्यो कंचा रंग?" तिच्या सासूबाईंनी, हौसाबाईंनी, मणी उजेडात धरला. "बकऱ्याच्या कालजासारखा दिसतो."

"आई, ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो. मग काचेतलं तांबं निळं राहत नाही, लाल पडतं."

"मंग पिवला कर. पिवल्याला काय धाड भरली?"

राहनाळ गावातल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची खोली होती. तिथे मृणाली काचेच्या कांड्या ज्योतीत वितळवायची, सळईवर गुंडाळायची आणि मणी करायची. पिवळा तिला चालणार नव्हता. मोबाइलवर तिचा मणीवाल्यांचा ग्रुप होता. त्यातली माणसं सकाळी एकमेकांना फुलांऐवजी काचेच्या कांड्यांचे फोटो पाठवत. यंदाच्या अदलाबदलीत प्रत्येकानं आपल्या आवडत्या रंगाचे मणी पाठवायचे होते. मृणालीनं सगळ्यांच्या आधी 'फिरोजी' जाहीर केला आणि बडोद्याच्या उन्नतीताईंनी खाली लिहिलं, 'तुझ्या छोट्या बर्नरवर? बघ बाई.' पुढे हसरा चेहरा होता. मृणालीला तो हसरा चेहराच जास्त लागला. कुरिअरवाला आज संध्याकाळी येणार होता.

उपाय ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत होता. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, दवाखान्यातलं जुनं मशीन घ्यायचं. तिच्या नवऱ्यानं, दीपेशनं, धामणकर नाक्यावरून तसं एक टेम्पोत घालून आणलं, अंगणात उतरवलं आणि तो ड्युटीवर निघून गेला. मशीनबरोबर नाकात घालायची नळीही आली होती. ती शेजारच्या आक्कानं पाहिली. मशीन ओटीवरून आत जाईपर्यंत बाळाराम ऑक्सिजनवर गेल्याची बातमी गावभर झाली.

बाळाराम म्हणजे मृणालीचे सासरे. ते त्या वेळी आत बसून भाजलेला बोंबील खात होते.

विचारपूस करायला आलेल्यांना हौसाबाई दारातूनच परत पाठवत होत्या. "कोन बोल्ला आजारी? ते बगा, कितवी भाकरी हाय ते त्यांनाच इचारा."

एवढ्यात फाटकाशी राघो दिसले, बाळारामांचे धाकटे भाऊ. दोन घरांमधल्या गटारावरून दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. आता राघोंच्या दोन्ही हातांत शहाळी होती, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते.

बाळाराम खोकले. खोकला पटण्यासारखा नव्हता, पण राघो अजून लांब होते.

"मृणाली, ती नली आण. पटकन."

"बाबा, मशीन मला पाहिजे! संध्याकाळच्या आत फिरोजी..."

"अगं, तो आलाय! मी बरा हाय कलला तर फाटकातनंच फिरंल."

मृणाली रसायनशास्त्र शिकलेली होती. तिनं दोन्ही गरजांचा शांतपणे विचार केला. मशीन खाटेशेजारी ठेवलं. नाकातल्या नळीचं दुसरं टोक नुसतंच गोधडीखाली खोचलं. मशीनची खरी पाइप मात्र खिडकीतून मागच्या खोलीत नेली आणि बर्नरला जोडली. पुढे बाळाराम डोळे मिटून पडले, मागे ज्योत निळी आणि टोकदार झाली.

बराच वेळ सगळ्यांचंच छान चाललं होतं.

"दादा, गटार माझ्या अंगनातनं ने," राघो शहाळं पाजत म्हणाले. "काय पन कर, पन उठ."

"उठतो," बाळाराम क्षीण आवाजात म्हणाले. "जरा मलई काढून दे."

मलईसाठी चमचा शोधताना राघोंची नजर पाइपवर गेली. "वैनी, दादाची पाइप खिडकीतनं भायेर कशाला चाललीय?"

हौसाबाईंची खोटं बोलायला ना नव्हती, पण काय बोलायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. "भायेरची हवा बरी असते," त्या म्हणाल्या.

राघो पाइपच्या मागोमाग घराला वळसा घालून गेले. पाइपच्या शेवटी सून बसली होती, जांभळा चष्मा लावून, आणि तिच्यासमोर जाळ होता.

"दादाचा श्वास जालतेस व्हय गं?"

ती काही सांगायच्या आत ते धावत परत आले आणि त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. मागे ज्योत पिवळी पडली.

"काका, बंद करू नका!" मृणाली ओरडली.

बाळाराम खाटेवरून उडी मारून उतरले. नाकाला नळी लोंबत होती. "चालू कर रं! तिचा फिरोजी लाल पडंल!" त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

राघो त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला झालाय तरी काय?"

"काय न्हाय. तू आलास, मंग पडलो."

राघोंना एवढा राग आला की त्यांना धाप लागली. ते मटकन खाटेवर बसले. "लाव... मलाच लाव ती पाइप."

"जरा तोंडानं श्वास घे," बाळाराम म्हणाले. "पोरीचा मनी अर्धा हाय."

हे ऐकून राघोंचा श्वास आपोआप परत आला. भांडायचंच म्हणून ते भावाच्या मागे पत्र्याच्या खोलीत गेले. मृणालीनं मणी ज्योतीबाहेर काढून हळूहळू फिरवायला घेतला होता. निवता निवता तो आधी नारिंगी दिसला, मग मातकट हिरवा. भांडण कुठून सुरू करायचं ते राघो विसरले.

खिडकीत आक्का आली. तिच्या हातात नारळ होता आणि मागे चार बायका. "खाट तर रिकामी हाय! पेशंट कुठाय?"

"गप गं आक्का," राघो मण्यावरची नजर न काढता म्हणाले. "निला येतोय."