हळदीकुंकवाचं गाईड

प्रियांकाचा बेत बिनचूक होता. निदान तिच्या मते तरी!

किन्हवलीच्या या पोरीची डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची ही दुसरी आणि शेवटची खेप. यंदा नाही जमलं तर क्लास बंद आणि स्थळं चालू, असं बाबांनी सांगूनच टाकलं होतं. त्यात अभ्यासक्रम बदललेला, बाजारात नवं गाईड आलेलं. पण आई ऐकेल तर शपथ!

"नवं कशाला? ह्याच गाईडवर आपली रेश्मा डाक्टर झाली ना?"

"आई, यातले कितीतरी धडे आता परीक्षेला नायत गो!"

"मग बरंच की! अभ्यास कमी."

रेश्मा म्हणजे चुलतबहीण. तिचं हे गाईड खाकी कव्हर घालून दर दसऱ्याला पाटावर बसायचं, हळदीकुंकू लावून घ्यायचं. घरातल्या देवांनाही त्याचा हेवा वाटत असावा!

शेवटी प्रियांकाने साठवलेल्या पैशांचा डबा रिकामा केला आणि शहापूरहून नवं गाईड गुपचूप आणलं. जुन्याचं हळदीकुंकवाचं कव्हर काढून नव्याला चढवलं, जुनं गादीखाली सारलं. आईही खूश, अभ्यासही नवा! त्या आनंदात, जणू डॉक्टर झालीच अशी, तिने शेजारच्या लहानीकाकूंची जीभसुद्धा तपासून दिली.

दोन दिवसांनी ती क्लासहून आली, तर आई दारात डोळे पुसत उभी.

"गादी उन्हात घालताना घावलं गो मला! नवं गाईड आणलंस आन माझ्या भीतीनं लपवलंस? एवढी का वाईट हाय मी?"

आईच्या हातात जुनंच गाईड होतं! इतकी वर्षं कव्हराखाली राहून ते नवरीसारखं चकाकत होतं. प्रियांकाने अभ्यासाच्या टेबलाकडे पाहिलं; ते रिकामं होतं.

"आन... ते खाकी कव्हरचं?"

"सकाळच्या एसटीनं मुरबाडच्या मावशीच्या ऋतिकला धाडलं. तोबी परीक्षेला बसतोय ना! तुला नवं मिळालं, आता त्याचंबी भलं होऊ दे."

रडणाऱ्या आईला खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? तेवढ्यात ऋतिकचाच फोन आला.

"ताई, तुमचं गाईड खरंच देवाचं हाय! एवढं जुनं, तरी यंदाचा सगळा सिलॅबस त्यात! आमची आय तर म्हणते, वाचून झालं की देव्हाऱ्यातच ठेवायचं. आता कोणी मागितलं तरी देणार नाय!"

प्रियांकाने फोन ठेवला. आईने तोवर हातातल्या गाईडला हळदीकुंकू वाहिलं, भक्तिभावाने पान उलटलं आणि नाक मुरडलं.

"मेली आजकालची पुस्तकं! नवीकोरी, तरी पानं पिवळी!"