डोळे मिटून झेलणारे मेश्राम काका

मेश्राम काका अंगावर सुसाट येणारा चेंडू डोळे मिटून झेलतात. तुम्ही आता ज्या नजरेने हे वाचताय ना, त्याच नजरेने मी पहिल्या दिवशी मैदानाच्या जाळीला नाक लावून उभा होतो. तीनदा खात्री करून घेतली. चेंडू मुलीच्या हातातून सुटला, की काकांच्या पापण्या मिटतात. पुढे करून धरलेला तो जाडजूड ग्लोव्ह तसूभरही हलत नाही. चेंडू येतो, ग्लोव्हमध्ये बसतो, आणि मग काका डोळे उघडतात.

मी न राहवून विचारलंच, "काका, डोळे कशाला मिटता?"

"उघडे ठेवून काय करू?" काका म्हणाले. "मी जिथं हात धरला तिथं चेंडू आणाचं काम त्या पोट्टीचं हाय. माहं काम हात न हलवाचं."

खेळ बेसबॉलचा. क्रिकेटचा नव्हे, हे मला जयपुरात रोज निदान एकदा कोणाला तरी सांगावं लागतं. यात चेंडू फेकणारी ती पिचर, आणि बॅटच्या मागे उकिडवं बसून झेलणारा तो कॅचर. काका मूळचे अमरावतीचे. तरुणपणी तिथे सॉफ्टबॉल खेळले, रेल्वेत रुळांच्या गँगमध्ये लागले, बदली होत होत जयपूरला आले, निवृत्त झाले आणि काकू गेल्यावरही इथेच राहिले. बनी पार्कात आमच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे. जवळच्याच एका शाळेच्या मैदानावर ते मुलींचा संघ तयार करतात. वय सदुसष्ट. उकिडवं बसले की दोन तास उठत नाहीत. मी सदुसष्टच्या बराच अलीकडे आहे आणि भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना नळाला धरतो.

दरवर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं शिबिर सुरू होतं आणि होळीला संपतं. त्यानंतर स्पर्धा. स्पर्धेत सामने रोज असतात आणि एकच हात रोज फेकू शकत नाही, म्हणून सामना सुरू करायला तीन पिचर ठरवायच्या आणि पाळीपाळीने उतरवायच्या. यंदा त्या तीन जागांसाठी पाच मुली होत्या. दोघींचं नक्की होतं. तिसरी जागा कोमलला मिळणार की माझ्या मुक्ताला, एवढाच प्रश्न होता. आमच्या घरात मात्र दोन महिने दुसरा प्रश्नच नव्हता.

शिबिराचा पहिला दिवस मी पाहिला आहे. जयपूरची संक्रांत म्हणजे आकाशभर पतंग, आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवर मांजाच मांजा. काका सगळ्या मुलींना कडेला उभं करतात आणि एकटे अख्ख्या मैदानातला मांजा उघड्या हातांनी गोळा करतात. मी मदतीला गेलो तर मला चालेल म्हणाले, मुक्ताला मात्र हाकललं.

"तुहं बोट कापलं तं खेळ खतम," ते म्हणाले. "माहं कापलं तं काय, मले कोठं पोया लाटाच्या हायत?"

त्यांचं बोलणं हे असं. हिंदीसुद्धा ते वऱ्हाडीतूनच बोलतात. परिणामी शेखावाटीकडच्या अस्सल राजस्थानी मुलीसुद्धा आता "काहून सर?" असं विचारतात. फोन ते वापरत नाहीत. "फोनवर माणूस दिसत नाही, त्याचं काय खरं?" असा त्यांचा सवाल असतो. बोलायचं तर समोर उभं राहायचं, हा त्यांचा नियम. बाजूने चालता चालता बोललेलं त्यांना खपत नाही. एकदा स्टेशनवरून सोबत येताना मी त्यांना सांगितलं, की माझ्या सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, इस्पितळात आहेत. काका समोर बघत म्हणाले, "चांगलं झालं बाप्पा. असंच पायजे."

माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी तिला समजावलं, की काही माणसं सुखदुःखाच्या पलीकडे गेलेली असतात.

आता कानांबद्दल सांगतो, कारण माझी भक्ती जडली ती तिथे. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की "थाप" असा आवाज येतो. मला सगळ्या थापा सारख्याच. काका मात्र क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "आज नाश्ता नाही केला." किंवा, "घरी भांडून आली." मुलगी मान खाली घालते. अंदाज चुकलेला मी एकदाही पाहिला नाही.

एका रविवारी मी परीक्षाच घेतली. कोमलची ओढणी काकांच्या डोळ्यांवर घट्ट बांधली, वर जाळीचा मुखवटा चढवला, आणि पाचही मुलींना खुणेने हव्या त्या क्रमाने फेकायला लावलं. काकांनी ग्लोव्ह धरला. थाप. "रेहाना." थाप. "पिंकी." थाप. "पुन्हा रेहाना, हावरट हाय." एकही नाव चुकलं नाही. दहाव्या चेंडूला काका थोडे जास्त थांबले, मग हसले. "ही कोमल हाय. पण मुक्ताची नक्कल करून रायली."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या कानांचा स्वयंनियुक्त पहारेकरी झालो. गाजरवाल्याला गेटपाशी ओरडायला बंदी केली. शाळेच्या चौकीदाराचा रेडिओ बंद करवला. एक पाटी रंगवून घेतली आणि जाळीला टांगली : "कृपया शांति रखें. सर सुन रहे हैं." काकांनी ती वाचली, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं केलं साहेब."

एकदा सकाळी रस्त्यावरून डीजे लावून कलशयात्रा निघाली. शाळेच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी हात जोडत मिरवणुकीपुढे पळालो. आवाज काही कमी झाला नाही. परत येऊन पाहतो, तर मुली फेकतायत आणि काका डोळे मिटून सांगतायत, "बोट ओलं हाय, पूस." त्या गदारोळातून या माणसाने चेंडूचा आवाज वेगळा काढला होता! मी थक्क होऊन उभा राहिलो. काकांनी शांतपणे विचारलं, "कुठं पयत गेल्ते साहेब?"

मुलींनाही मी मनातून मानलं. रस्त्याने चिमण्यांसारख्या चिवचिवत येणाऱ्या या पोरी मैदानात पाय ठेवला की गप्प. हाक नाही, आरडाओरडा नाही. फेकण्याआधी काकांकडे बघून फक्त ओठ हलवायच्या. घरी देवासमोर हात न जोडणारी मुक्ता इथे येऊन जप करते, हे पाहून मला भरून आलं होतं.

शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात एके सकाळी मुक्ता डाव्या हाताने केस विंचरताना दिसली. ती उजवी. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "बाबा, कोपर थोडं दुखतंय. मतलब, थोडंच. तुम्ही कोणाला बोलू नका, प्लीज. निवडीला तीनच दिवस राहिलेत." मी बोललो नाही. बाप म्हणून मी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी मलम आणून दिलं.

निवडीच्या दिवशी प्रत्येकीने वीस चेंडू फेकायचे होते. मुक्ताची पाळी आली. पहिला चेंडू छान, दुसरा छान. निदान मला तरी छान वाटले. सहाव्याला काकांनी ग्लोव्ह मिटून धरला आणि बराच वेळ उघडलाच नाही. मग ते उठले. दोन तासांच्या आत उठलेले काका मी पहिल्यांदाच पाहत होतो. मुक्तासमोर जाऊन त्यांनी मुखवटा काढला.

"कोपर कधीपासून दुखून रायलं?"

मुक्ताने जोरात नकारार्थी मान हलवली.

"मी दुखते का असं नाही विचारलं. कधीपासून, ते विचारलं."

मुक्ता रडायला लागली. तिसरी जागा कोमलला मिळाली.

घरी आल्यावर मुक्ताने खोलीचं दार लावून घेतलं. दुपारी तिच्या आईने जेवायला हाक मारली तरी उघडलं नाही. माझ्याने ते बघवेना. मी चप्पल घातली आणि काकांकडे निघालो, वशिला लावायला. मनात भाषण तयार होतं : चार दिवस आराम करेल, होळीपर्यंत ठणठणीत होईल, काका, जरा बघा ना.

दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, जोरात. दार लोटलेलंच होतं, म्हणून आत गेलो. काका पाठमोरे खुर्चीवर बसले होते. डावा हात गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवलेला. बाजूच्या स्टुलावर ग्लोव्ह पडला होता, त्याची शिवण उसवलेली, आतला सगळा कापूस काढून टाकलेला. नुसतं कातडं उरलं होतं.

"काका," मी म्हणालो. मग मोठ्याने, "काका!" मग गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्यांनी मान वळवली नाही. पाण्यात बोटं हलवत राहिले. मी पुढे गेलो, माझी सावली पातेल्यावर पडली, तेव्हा ते दचकून उभे राहिले.

माझं भाषण विरून गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. सगळ्यांना समोर का उभं करायचे, ते मला त्या क्षणी कळलं. बिचाऱ्या सासूबाईही आठवल्या.

"रुळावर घणच घण," ते म्हणाले. "अन् इंजिनाचे हॉर्न. एक कान नोकरीतच गेला. दुसरा तुमची काकू गेली त्या साली. तिचं बोलणं आयकाले पुरला, तेवढं बरं झालं."

"पण मग चेंडूचा आवाज..."

त्यांनी पातेल्यातून हात काढून माझ्यासमोर धरला. तळहात सुजून लाल झालेला, बोटांची पेरं वाकडी. "हा आयकते," ते म्हणाले. "कापूस असला की दुरून आल्यासारखं येते. काढला की कानात बोलल्यासारखं. मुक्ता आठ दिवसांपासून सांगून रायली होती हाताले, की दुखते म्हणून; आज पक्कं झालं. तोंडानं नाही सांगतलं तिनं. यंदा थांबली तं लय वर्षं फेकीन, साहेब. नाही थांबली तं होळीलोकच, मंग खतम."

काका पुढे म्हणाले, "कोणाले सांगू नका. बहिऱ्या माणसापाशी कोण पोरी पाठवीन? अन् हे गेलं तं मी काय करू? नागपूरहून पोरगा येते, नातू येते, दिवसभर तोंडं हलतात सगळ्यांचे, माह्यापर्यंत काही पोचत नाही. सकाळचे दोन तास या पाच पोट्ट्या बोलतात माह्याशी. तेवढंच समजते मले."

मी त्यांचा तो सुजलेला हात धरला. जोरात धरायची हिंमत झाली नाही. निघताना ते म्हणाले, "मुक्ताले उद्या पाठवा. उजवा हात बंद. डाव्यात ग्लोव्ह घालून माह्या जागी बसाचं तिनं. हा तळवा आता बधिर होत चालला. कोणाले तरी शिकवून ठेवावं लागते."

मी निरोप दिला, बाकी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी मुक्ता मैदानावर गेली. काकांनी तिला मुखवटा चढवला, आपला कापूस नसलेला ग्लोव्ह दिला, आणि स्वतः चेंडूची वाट सोडून, बाजूला वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. कोमलने फेकला. मुक्ताने डोळे मिटले. थाप. ती कळवळली, पण ग्लोव्ह हलला नाही.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

मुक्ताने मुखवटा वर केला आणि ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि आवाज अजिबात न काढता. जाळीपाशी मला काहीही ऐकू आलं नाही. काकांना सगळं समजलं. ते हसले आणि तिकडून कोमलही हसली.

घरी येताना मी मुक्ताला विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"कधीपासून," ती म्हणाली. "कोमलने रूल केलाय. मैदानात आवाजच काढायचा नाही. मतलब, सवय लागली की मागून हाक मारली जाते ना. सर वळले नाहीत आणि बाहेरच्या कोणी ते पाहिलं, तर? म्हणून समोर जायचं आणि फक्त ओठ." मग म्हणाली, "सरांना वाटतं आम्हाला माहीत नाही. बाबा, तुम्ही त्यांना सांगू नका हं."

संध्याकाळी मी एकटाच मैदानावर गेलो. माझी ती पाटी काढून टाकायची होती, लाज वाटत होती तिची. काढली, हातात घेऊन पुन्हा एकदा वाचली : "सर सुन रहे हैं." आणि होती तिथेच परत लावली.